नववं घर

तिसरा टेकसुद्धा नवव्या घरातच मेला.

मोनिकानं ड्रमच्या काठ्या मांडीवर ठेवल्या आणि छताकडे पाहिलं. छताचे चारही पंखे बंद होते. रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते म्हणून पंखे, कूलर, खिडक्या, सगळं सकाळपासून बंद होतं, आणि बाहेर मे महिन्यातली दुपारची सव्वादोनची वेळ. छावणीतल्या त्या जुन्या हॉलमध्ये पाच माणसं उकडलेल्या बटाट्यांसारखी बसली होती.

“एकचा ठोका कुठं गेला?” मोनिका म्हणाली. “मी एकवर होते. सत्यमचा पियानो एकवर होता. तुम्ही दोघं कुठं होतात?”

तुम्ही दोघं म्हणजे डबल बास वाजवणारा धम्मपाल खरात, ज्याच्या नावानं हा अल्बम निघायचा होता, आणि सॅक्सोफोनवाले पुंजाराम साळवे, ज्यांच्याशिवाय तो निघण्यात धम्मपालला काही अर्थ वाटत नव्हता.

पुंजाराममामांनी उपरण्यानं तोंड पुसलं. खालच्या ओठावर एक बोट ठेवून समोरचा दात हलवून पाहिला आणि जागेवर बसवला. “मी बराबर व्हतो,” ते म्हणाले. “पोरगी जरा घाई करती. करू द्या. नवी हाय.”

मोनिका पुण्यात वीस वर्षं ड्रम वाजवत होती. ती धम्मपालकडे बघत राहिली. धम्मपालनं बासच्या तारा पुसायला घेतल्या. त्या पुसायची काही गरज नव्हती.

घर म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. ही चाल सोळा तुकड्यांची, प्रत्येक तुकड्यात चार ठोके. मामांना इंग्रजी नोटेशन येत नाही, म्हणून धम्मपालनं तुकड्याला घर म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळेच म्हणू लागले. सोळा घरं संपली की पुन्हा पहिल्या घरापासून. जॅझची सगळी गंमत इतकीच की घरात शिरल्यावर हवा तसा नाच, पण घर हलवायचं नाही. चौघांनी डोळे मिटून वाजवलं तरी सातव्या घरात चौघंही सातव्याच घरात पाहिजेत. नववं घर सगळ्यांत साधं होतं. तिथं सॅक्सोफोननं एकच सूर धरायचा, चारही ठोके, बाकी काही नाही. तिथंच गाडी तीनदा रुळावरून घसरली होती.

अडतीस वर्षांच्या धम्मपालनं यातली अठरा वर्षं लोकांच्या मागे उभं राहून काढली होती. आधी भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार, मग मुंबईची हॉटेलं. तिथं एका गोव्याच्या म्हाताऱ्या पियानोवाल्यानं त्याला जॅझ शिकवला आणि जाताना आपला कपाटाएवढा डबल बास त्याच्या गळ्यात घातला. बास वाजवणारा म्हणजे लग्नातला आचारी. जेवण बिघडलं तरच लोकांना त्याची आठवण येते. धम्मपालचं जेवण कधी बिघडलं नाही. गायक विसरला, पियानोवाला भरकटला, कुणी एखादं घर जास्तीचं वाजवलं, तरी धम्मपालची बोटं आपसूक त्याच्याकडे सरकत आणि पडझड लोकांना दिसायच्या आत बुजवून टाकत. म्हणून त्याला कामं भरपूर मिळायची. म्हणूनच त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं.

आता पहिल्यांदा नाव त्याचं होतं. सात चाली रेकॉर्ड करायच्या होत्या. सहा काल आणि आज सकाळी झाल्या. सातवी, जिच्यासाठी बाकीच्या सहा जमवल्या होत्या, ती त्याच्या बापाची. आणि तिच्यासाठी वेळ होता फक्त आज पाच वाजेपर्यंत. पाचला हॉलमध्ये कुणाच्यातरी साखरपुड्याच्या खुर्च्या लागणार होत्या. शनिवार-रविवारही हॉल लग्नांना गेला होता. रेकॉर्डिंग एक वेळ पुढच्या आठवड्यावर ढकलता आलं असतं. मामांचे दात ढकलता येत नव्हते. सोमवारी त्यांचे वरचे-खालचे मिळून सहा दात निघणार होते. सॅक्सोफोनची चोच दातांवर टेकवून फुंकायची असते. कवळीवर तो सूर येत नाही. आला तरी तो पुंजाराम साळवेंचा नसतो. म्हणजे शुक्रवार दुपार, उरलेले पावणेतीन तास, आणि बास.

“पुन्हा घेऊ,” धम्मपाल म्हणाला.

चौथा टेक सुरू झाला. यावेळी त्यानं स्वतःच्या बोटांवर नजर ठेवायची ठरवली. मामांनी चाल उचलली. वेरूळच्या घाटातून कन्नडला वऱ्हाडं पोचवून घट्ट झालेला, जरा घोगरा, जरा रागीट आवाज. हॉलच्या सागवानी जमिनीतून तो पायात चढत होता. सहावं घर, सातवं, आठवं. आठव्याच्या शेवटच्या ठोक्यावर मामांनी नवव्या घराच्या सुराला नुसता स्पर्श केला आणि थेट दहाव्यात शिरले. धम्मपालची डावी चार बोटं त्यांच्यामागून दहाव्यात गेली. विचारलंसुद्धा नाही. बास ज्याच्या बाजूला असतो, गाणं त्याच्या बाजूला झुकतं. मोनिका आणि सत्यम नवव्या घरात एकटे राहिले आणि दोन क्षणांत सगळं जमिनीवर आलं.

हॉलच्या कोपऱ्यात लॅपटॉपवर बसलेल्या निशानं, रेकॉर्डिंग तीच करत होती, हेडफोन काढला आणि कुणाकडेच न बघता पाणी प्यायली.

मोनिकानं धम्मपालला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं.

“चुकतंय कोण ते मला कळलं,” ती म्हणाली.

“त्यांच्या छातीला जमत नाही. जुना आजार आहे.”

“मी त्यांच्याबद्दल बोलतच नाहीये. ते प्रत्येक वेळी एकच गोष्ट करतात, सरळ आहे माणूस. चुकतोयस तू. तू त्यांच्यामागं पळतोस. काल सत्यम पाचव्या चालीत भरकटला तेव्हा त्याच्यामागंही पळालास. अल्बमवर नाव कुणाचं आहे?”

धम्मपालनं बोटांवरचा घाम शर्टाला पुसला.

“एक तर चाल पंधरा घरांची कर. मी आत्ता पाठ करते, सत्यमही करेल. नाही तर जागचा हलू नकोस. दोन्हीच्या मध्ये उभा राहिलास तर पाचपर्यंत आपण इथंच घाम पुसत बसू.”

ती आत गेली. धम्मपाल व्हरांड्याच्या खांबाला टेकला. समोरच्या रस्त्यावरून लष्कराच्या चार गाड्या ओळीनं गेल्या.

पंधरा घरांची चाल. ती तर सारा तालुका वर्षानुवर्षं ऐकत आला होता.

त्याचा बाप कडुबा खरात कन्नडच्या बँड पार्टीत छातीवर मोठा ढोल बांधून वाजवायचा. ही चाल त्यानंच बसवली. तिला शब्द नव्हते आणि नावही नव्हतं. लोक कडुबाची चाल म्हणायचे. लहानपणी धम्मपालला वाटायचं की या चाली दोन आहेत. एक बाप दाढी करताना गुणगुणायचा, तिच्यात मधे एक लांब सूर होता, आणि तो धरताना बापाचा वस्तरा गालावर थांबायचा. दुसरी मिरवणुकीत वाजायची, तिच्यात तो सूर नव्हता. वीस वर्षांचा झाल्यावर जयंतीच्या ट्रकवर पुंजाराममामांच्या शेजारी उभं राहून बास वाजवला तेव्हा कळलं की चाल एकच आहे. मामांना ऐन पंचविशीत टीबी झाला होता. बरे झाले, पण नवव्या घरात दम पुरत नव्हता. ते सूर सोडून पुढं जायचे आणि कडुबाचा ढोल एक घर गिळून त्यांना पुढं गाठायचा. चालणाऱ्यांचे पाय अडखळायचे नाहीत, मामांची मान खाली जायची नाही. पार्टीत त्याला झेलणं म्हणत.

“चुकल्याला उघडं पाडायचं नाय,” बाप एवढंच म्हणाला होता. “झाकली मूठ सव्वा लाखाची.”

मूठ इतकी नीट झाकली गेली की ती मूठ आहे हे खुद्द मामांनाच कधी कळलं नाही. बाप अकरा वर्षांपूर्वी गेला. झेलायचं काम न सांगता पोराकडे आलं.

आणि या अल्बमसाठी हाच शहाणा दोन महिने दर रविवारी जीपच्या टपावर डबल बास बांधून कन्नडला जात होता. घाटात एका म्हातारीनं चादरीत गुंडाळलेला तो बास पाहून हात जोडले होते. दोन महिने मामांच्या ओट्यावर दोघंच वाजवत होते आणि सगळं कसं लोण्यासारखं जात होतं. जाणारच. एक चुकत होता आणि दुसरा झेलत होता. धम्मपालला हे कळत नव्हतं असं नाही, कळत होतं पण वळत नव्हतं. वाटलं, हॉलमध्ये ड्रम असेल, पियानो असेल, मामा आपोआप धरतील. कागदावर सोळा घरं लिहून त्यानं सत्यम आणि मोनिकाला पाठवली आणि मामांना एका शब्दानं सांगितलं नाही. कसं सांगणार? ज्या माणसाच्या मांडीवर बसून सॅक्सोफोनची बटणं मोजली, त्याला सांगायचं की तुम्ही जन्मभर चुकीचं वाजवलं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती.

तेवढ्यात निशा बाहेर आली.

“दादा, एक बोलू?” तिनं आवाज खाली आणला. “मामांचा तो सूर दुसऱ्या जागेवरून उचलून लांब करता येतो. त्यांना फक्त पंधरा घरं वाजवू द्या, आपण मागाहून जागा करून तिथं चिकटवू. कुणाला कळणार नाही.”

धम्मपालच्या छातीवरचा दगड अर्धा हलला. “नक्की?”

“माझं कामच आहे ते.”

“थांब. मी मामांशी बोलून येतो.” पण मामांशी त्याला काय बोलायचं होतं ते त्यालाच माहीत नव्हतं.

पुंजाराममामा मागच्या अंगणात नळाजवळ चूळ भरत होते. मिठाच्या पाण्याची बाटली ते घरून घेऊन आले होते. बसण्यासाठी निंबाची सावली होती तेवढ्यात त्यांनी रुमाल अंथरला होता. चूळ टाकली, ती जरा लालसर होती. त्यांनी ती पायानं मातीत दाबली.

“दुखतंय का मामा?”

“दुखायला दात लागतोय कुठं? नुसता टेकून उभा हाय, पाव्हन्यासारखा.” ते हसले. मग म्हणाले, “ती पोरगी तुला काय बोलली?”

“काय नाय. असंच.”

“माह्याबद्दल बोलली आसंल. बोलू दे. तिला सवय नाय. आपल्या पार्टीत म्होरं सॅक्सोफोन जाईल तिकडं समदे येत्यात. तुह्यासंगं वाजवायला मला म्हनून बरं वाटतंय. कडुबासारखंच. डोळे झाकून पाय टाकला तरी पाय घसरत नाय.”

धम्मपाल त्यांच्याशेजारी मातीतच बसला. सांगायची याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. त्यानं तोंड उघडलं, आणि विचारलं, “पाणी देऊ का?”

“नको.” मामांनी पाय लांब केले. “एक सांगू का धम्मा? तुह्या बापाचं माह्यावर लई हाय. मला टीबी झाला तवा पार्टीतून काढाया निघाले व्हते, तो आडवा पडला. त्याची फेड करता आली नाय. पन त्याची चाल मी मरू दिली नाय. कन्नडच्या तिन्ही पार्ट्यांत पोरं हायेत ना, समद्यांच्या तोंडात मी बसवलीय. एकेकाला धा धा वेळा. जशी मी वाजवतो तशी, तंतोतंत. आता दात गेले, उद्या मीबी जाईन. चाल ऱ्हाती.”

हे धम्मपालला माहीत नव्हतं. तीन पार्ट्या, तीस-चाळीस पोरं, आणि सगळ्यांच्या तोंडात पंधरा घरं. बाप ज्या सुरावर वस्तरा थांबवायचा तो सूर साऱ्या तालुक्यात आता एकाच माणसाच्या डोक्यात होता, आणि ते डोकं खाली घालून मातीत रेघोट्या ओढत बसलं होतं.

निशाची युक्ती त्याला पुन्हा आठवली, आणि यावेळी ती आंबलेल्या कढीसारखी वाटली. मामा काही बहिरे नव्हते. अल्बम निघाला असता, मामांनी तो कन्नडच्या ओट्यावर बसून ऐकला असता, आणि आपण कधी न फुंकलेला सूर आपल्याच आवाजात ऐकला असता. आयुष्यभराचा झेल त्यांना मशीनकडून कळला असता.

“चला मामा,” तो म्हणाला. “पावणेचार झाले.”

आणि त्यानं सांगितलं नाही. हे इथं स्पष्ट लिहायला हवं. त्याला पुढं लोकांनी धाडसी वगैरे म्हटलं, पण खरं ते एवढंच की तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही म्हणून त्यानं ते बोटांवर सोपवलं.

आत येऊन त्यानं बास उचलला. निशाला म्हणाला, “चिकटवायचं काही नाही. मी थांब म्हणेपर्यंत बंद करू नकोस.” सत्यमला म्हणाला, “कागदावर आहे तेच वाजव. काहीही झालं तरी.” मोनिकाला काही म्हणाला नाही. तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि काठ्या उचलल्या.

पाचवा टेक. फाटकाशी टेम्पो येऊन थांबला होता. खुर्च्या लवकर आल्या होत्या. लोखंडी खुर्च्या उतरवल्याचा आवाज आला, निशा धावत जाऊन हात जोडून आली, आणि आवाज थांबला. “पंधरा मिनिटं देतो म्हणाले,” ती म्हणाली.

धम्मपालनं चार मोजले. आजवर तो दुसऱ्यांनी मोजलेल्या चारवर सुरू करत आला होता. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला.

पहिलं घर. मामा डोळे मिटून शिरले. घाम त्यांच्या कानामागून कॉलरमध्ये उतरत होता. चौथं, पाचवं. धम्मपालच्या डाव्या हाताला आधीच कळलं होतं की काहीतरी वाईट व्हायचंय, अंगठा बासच्या मानेमागं घट्ट रुतला होता. सातवं. आठवं. मामांनी सुराला स्पर्श केला आणि पाय पुढं टाकला.

धम्मपाल हलला नाही.

हे लिहायला एक ओळ लागते. त्याला ते करताना असं वाटलं की भरल्या रस्त्यात आपण म्हाताऱ्या माणसाचा हात सोडला. बोटं ओढ घेत होती. त्यानं ती नवव्या घराच्या तारेवर दाबून धरली आणि चार ठोके तिथंच उभा राहिला. मामांचे दहाव्या घराचे सूर हवेत लटकले, खाली काहीच नव्हतं. अजून दोन सूर त्यांनी रेटले. मग सॅक्सोफोनमधून नुसती हवा आली, आणि मामांनी तोंड काढलं.

त्यांनी डोळे उघडले. आधी ड्रमकडे पाहिलं, मग पियानोकडे, मग धम्मपालकडे. त्या नजरेत राग नव्हता, राग असता तर धम्मपालला बरं वाटलं असतं. अंधारात जिन्याची पायरी संपली असं समजून पाय टाकावा आणि अजून एक पायरी निघावी, तसा तो चेहरा होता.

सत्यमचा पियानो अडखळला. धम्मपालनं मान हलवली, चालू ठेव. दहावं, अकरावं, सोळावं. पुन्हा पहिलं. सॅक्सोफोनशिवाय फेरा चालू होता. मामा बासच्या मानेकडे बघत होते, धम्मपालच्या डाव्या हाताकडे. सहावं, सातवं, आठवं. नवव्यात धम्मपाल पुन्हा त्याच तारेवर चार ठोके थांबला. मामांचे ओठ हलले. ते मोजत होते. कुणी शिकवल्याशिवाय, चौसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा.

तिसरा फेरा. बाहेर कुणीतरी दार वाजवलं. निशानं आतून दाराला पाठ लावली आणि तशीच उभी राहिली. धम्मपालच्या मनात एकच गोष्ट होती: मामा आता सॅक्सोफोनची पेटी उचलून निघून जातील, आणि त्यांचा हक्कच असेल तो. मामांनी दात बोटानं दाबला. पहिलं घर गेलं, चौथं गेलं, ते उभेच. आठवं घर संपत आलं तेव्हा त्यांनी चोच तोंडात घेतली, आणि नवव्याच्या पहिल्या ठोक्यावर तो सूर लावला.

एक. दोन. सूर तिसऱ्यावर थरथरला, फाटला, कडेनं हवा सुटली. मामांच्या गळ्याच्या शिरा वर आल्या. मोनिकानं झांजेवरची काठी इतकी हलकी केली की ती वाजत होती की नाही कळेना. चार. सूर होता. फाटका, पण होता. आणि मग मामा दहाव्या घरात शिरले, आणि तिथं सगळे होते.

उरलेला फेरा आणि त्यापुढचे दोन फेरे त्यांनी कसे वाजवले ते सांगत नाही. धम्मपालला पुढं कितीही वेळा ऐकलं तरी तो भाग बसून ऐकता आला नाही, तो उठून उभाच राहतो.

शेवटचा सूर विरला. मग निशा म्हणाली, “आलं,” आणि दार उघडलं. खुर्च्यावाले आत आले आणि भिंतीकडेनं मुकाट्यानं खुर्च्या मांडू लागले.

मामा त्यांतल्याच एका खुर्चीवर बसले. उपरणं तोंडाला धरलं होतं.

“धम्मा.”

“जी मामा.”

“कडुबा मला झेलत व्हता?”

धम्मपालला खोटं बोलता आलं असतं. तशी सवय होती. “व्हय,” तो म्हणाला.

“कवापासून?”

“मला कळतंय तवापासून.”

“आन तू?”

“मीबी.”

मामांनी उपरण्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. “त्यो सूर त्यानं मला एकदा गाऊन दाखवला व्हता. पयल्या दिवशी. मी म्हनलो जमत नाय. तो म्हनला, ऱ्हाऊ दे. मी समजलो, त्यानं चालच बदलली.” ते थांबले. “मला आंधळा केला तुमी बापलेकांनी. हाताला धरून फिरवला गावभर. आरं, एक डाव सोडला असता तर पडलो असतो. आपटलो असतो. मंग शिकलो असतो ना?”

“मामा, चुकलं माझं.”

“तुहं चुकलंच. त्याचंबी चुकलं. मायेनं केलं म्हनून काय चूक नसती व्हय?” आवाज चढला नव्हता, पण खुर्च्या लावणारा एक माणूस थबकला. “चाळीस पोरांना मी आर्धी चाल शिकवली. माह्या तोंडानं. कडुबाची म्हनून.”

मोनिका ड्रमचे स्क्रू सोडवता सोडवता थांबली होती आणि खाली बघत होती. सत्यम केव्हाच बाहेर गेला होता.

मामांनी निशाला हाक मारली. “पोरी, मधी मी गप्प हाय ना, दोन फेरे? ते कापशील का?”

“दादा सांगतील तसं,” निशा म्हणाली.

“कापू नको,” मामा म्हणाले. “ऐकू दे लोकांला.”

धम्मपालनं मान डोलावली.

मामांनी सॅक्सोफोन पुसला, तीन भाग वेगळे केले, पेटीत ठेवले. खुर्च्यावाल्यांनी पंखे लावले आणि हॉलमध्ये एकदम वारं झालं. एरवी पेटी धम्मपाल उचलायचा. आज त्यानं हात केला आणि मामांनी ती आपल्याकडे ओढली.

“सोमवारी दात जात्यात,” दाराशी थांबून ते म्हणाले. “शनिवार हाय, आयतवार हाय. उद्या सकाळच्या जीपला ये. ते कपाट घेऊन ये. तिन्ही पार्ट्यांची पोरं मी वट्यावर बोलावतो. नववं घर शिकवायचंय त्यांला. मी फुंकून दाखवतो, तू खाली उभा ऱ्हा.”

“येतो मामा.”

“आन मी चुकलो तर?”

“नाय हलनार.”

ते व्हरांड्यातून पायऱ्यांकडे निघाले. पायऱ्या जुन्या दगडाच्या, मधे झिजलेल्या. दुसऱ्या पायरीवर पेटीच्या वजनानं त्यांचा तोल गेला. धम्मपाल पुढं झाला, हात त्यांच्या कोपरापर्यंत पोचला, आणि त्यानं तो तिथंच थांबवला. मामांनी खांब धरला, पाय सावरला, एक श्वास घेतला.

“आसंच,” मागं न बघता ते म्हणाले, आणि उरलेल्या पायऱ्या एकटे उतरले.